जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स पुन्हा कसा बांधतात? जाणून घ्या एमजीबीच्या पोटातली गोष्ट

जुन्या गाड्यांचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो तुम्ही सोशल मीडियावर नक्की पाहिले असतील. आधीच्या फोटोत गंजलेला पत्रा, फाटलेल्या सीट आणि बोनेटवर धुळीचा थर. नंतरच्या फोटोत आरशासारखा चमकणारा लाल रंग. लाइक्स रंगाला मिळतात. पण हीच चमकती गाडी रस्त्यावर आली आणि दुसरा गिअर टाकताना 'खर्रर्र' असा आवाज झाला, तर रंगावर केलेला खर्च डोळ्यांपुढे तरळतो. कारण गिअरबॉक्स दुरुस्त करायचा तर काही जुन्या गाड्यांमध्ये चक्क इंजिनच बाहेर काढावं लागतं.

अशीच एक गाडी म्हणजे ब्रिटनची एमजीबी. तिचा गिअरबॉक्स खोलून पुन्हा कसा बांधतात, आत काय झिजतं, काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, हे समजून घेऊया. ही माहिती एका गाडीची असली तरी तत्त्व बहुतेक जुन्या मॅन्युअल गाड्यांना लागू पडतं.

एमजीबी ही कोणती गाडी?

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका गाडी-विक्रेत्या पेढीचं हे नाव. भारतात २०१९ पासून दिसणाऱ्या हेक्टर गाडीवर जो अष्टकोनी लोगो आहे, तो याच एमजीचा. अर्थात तेव्हाची एमजी प्रामुख्याने छोट्या, दोन सीटच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारसाठी ओळखली जायची.

एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन इथल्या कारखान्यात तयार होत राहिली. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे ९५ अश्वशक्ती आणि मागच्या चाकांना ताकद. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. इतक्या गाड्या बनल्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. इतकंच काय, १९८८ पासून तिची नवीकोरी बॉडीही मूळ साच्यांवर पुन्हा बनवली जाऊ लागली. त्यामुळे जुन्या गाड्यांचं काम शिकणारे अनेक जण एमजीबीपासूनच सुरुवात करतात.

तिचा गिअरबॉक्स दोन प्रकारचा आहे. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत चार गिअर होते, पण पहिल्या गिअरला सिन्क्रो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर सहज पडत नसे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या गाड्यांपासून चारही गिअरना सिन्क्रो मिळाला. पुढची माहिती प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराची आहे.

गिअरबॉक्सच्या आत काय चालतं?

ॲल्युमिनियमच्या एका पेटीत तीन मुख्य शाफ्ट असतात. पहिला इनपुट शाफ्ट. तो क्लचमधून इंजिनाची फिरकी आत आणतो. त्याच रेषेत पुढे मेन शाफ्ट असतो. तो फिरकी मागच्या चाकांकडे पाठवतो. या दोघांच्या खाली ले-शाफ्ट असतो. त्यावर अनेक दातेरी चाकं असलेला एकच अखंड तुकडा फिरतो, त्याला ले-गिअर म्हणतात.

इनपुट शाफ्ट ले-गिअरला फिरवतो आणि ले-गिअर मेन शाफ्टवरच्या सगळ्या गिअरना फिरवतो. इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. गिअर टाकला की दातेरी चाकं सरकून एकमेकांत अडकतात, असं वाटतं. प्रत्यक्षात पुढे जाण्याच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. मेन शाफ्टवरचे गिअर मात्र शाफ्टवर मोकळे फिरत असतात. गिअर टाकणं म्हणजे त्यांपैकी एकाला शाफ्टशी कुलूप लावणं.

पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.४४ आहे. म्हणजे इंजिनाचे ३.४४ फेरे झाले की मेन शाफ्टचा एक फेरा होतो. वेग कमी, पण जोर जास्त. दुसऱ्याचं २.१७, तिसऱ्याचं १.३८ आणि चौथ्याचं बरोबर १. चौथ्या गिअरमध्ये इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात आणि ले-गिअर खाली नुसता रिकामा फिरत राहतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, बिघाड ओळखताना तिचा मोठा उपयोग होणार आहे.

सिन्क्रो रिंग: छोटंसं पितळी कडं, पण काम मोठं

समजा गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे आणि तुम्ही दुसरा टाकता. त्या क्षणी दुसऱ्या गिअरचं चाक आणि मेन शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. धावत्या लोकलमध्ये चढताना माणूस आधी गाडीबरोबर चार पावलं धावतो, तसं इथेही आधी दोघांची गती सारखी व्हावी लागते. हे काम सिन्क्रो रिंग करते.

ही पितळी धातूची रिंग आतून किंचित निमुळती असते आणि गिअरच्या निमुळत्या भागावर बसते. आतल्या बाजूला बारीक खाचा असतात. दांडा सरकवला की रिंग गिअरवर दाबली जाते, खाचा मधलं ऑइल बाजूला सारतात आणि घर्षणाने गिअरची गती शाफ्टइतकी होते. गती जुळेपर्यंत रिंगचे दाते कुलपाला आडवे येतात. जुळली की बाजूला होतात आणि गिअर अलगद पडतो.

हे तंत्र कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीने १९२८ च्या सुमारास मोटारींत आणलं. त्याआधी चालकाला 'डबल क्लच' करावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून गरजेप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून गिअर. जुने ट्रक चालवलेल्या मंडळींना हा प्रकार चांगला ठाऊक असेल.

वर्षानुवर्षं वापरून रिंगच्या खाचा झिजतात. मग ती गिअरला पकडू शकत नाही, घसरते. गती जुळायच्या आधीच दाते दात्यांवर आपटतात आणि तोच तो 'खर्रर्र' आवाज येतो. असं चालवत राहिलं तर गिअरवरचे कुलपाचे पोलादी दातेही बोथट होतात. रिंग स्वस्त आहे, गिअर नाही. म्हणून हा आवाज सहन करत गाडी चालवत राहणं फार महाग पडतं.

खोलण्याआधी गाडी चालवून बघा

गॅरेजमध्ये गाडी आल्या आल्या पाने काढणं ही पहिली चूक. चांगला कारागीर आधी गाडी चालवतो आणि कान देतो. गाडी चालू अवस्थेत असेल तर खालच्या लक्षणांवरून बराच अंदाज येतो.

• फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला खरखर: त्या गिअरची सिन्क्रो रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी.

• सगळ्याच गिअरना खरखर, रिव्हर्सला तर जास्तच: दोष बहुधा गिअरबॉक्सचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाही. एमजीबीचा क्लच हायड्रॉलिक आहे. त्याच्या सिलिंडरमध्ये गळती किंवा हवा असेल तर असं होतं. हे काम इंजिन न काढता होतं.

• पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये घरघर, चौथ्यात शांतता: ले-शाफ्ट आणि त्याची बेअरिंग तपासा. चौथ्यात ले-गिअरवर भार नसतो, म्हणून आवाज थांबतो.

• न्यूट्रलमध्ये आवाज, क्लच दाबला की बंद: इनपुट शाफ्टचं किंवा ले-शाफ्टचं बेअरिंग.

• क्लच दाबल्यावरच आवाज: क्लचचं रिलीज बेअरिंग. एमजीबीत ते कार्बनचं असतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते लवकर झिजतं.

• अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप निसटणं: कुलपाचे दाते बोथट झालेत, दांड्याला जागेवर धरणारी स्प्रिंग थकलीय किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय.

ही दहा मिनिटांची फेरी पुढचे कितीतरी दिवस वाचवू शकते. क्लचच्या एका सिलिंडरसाठी इंजिन बाहेर काढल्याची वेळ कुणावर यायला नको!

गिअरबॉक्स काढायचा म्हणजे इंजिनही काढायचं

एमजीबीचा गिअरबॉक्स सीटच्या मधल्या बोगद्यासारख्या जागेत बसलेला असतो. खालून तो सुटा काढायला जागा पुरत नाही. त्यामुळे रूढ पद्धत अशी: बोनेट काढा, रेडिएटर काढा, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवा, खालचा आधार सोडवा, ऑइल काढा आणि इंजिन-गिअरबॉक्सची जोडी तिरकी करून क्रेनने एकत्र वर उचला.

म्हणूनच या कामात एक व्यवहारी नियम पाळतात: हात घातलाच आहे, तर त्या जागेतलं सगळं उरकून घ्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील आणि क्रँकशाफ्टच्या टोकातला तो छोटा बुश, ज्यात इनपुट शाफ्टचं नाक फिरतं. या भागांची किंमत फार नाही. पण यातला एक जरी नंतर बिघडला तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

काढलेलं ऑइल फेकू नका

ऑइल एका स्वच्छ भांड्यात काढतात आणि उजेडात पाहतात. त्यात सोनेरी झाक दिसली तर ती सिन्क्रो रिंगची झीज. थोडी झाक अपेक्षितच असते. पण लोहचुंबक फिरवल्यावर पोलादाचे चकचकीत पापुद्रे चिकटले, तर बेअरिंग किंवा दात्यांचा वरचा कडक थर सुटू लागलाय. म्हणजे काम वाढलं.

त्यानंतर पेटी बाहेरून रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ धुतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण उघडताना बाहेरची रेती आत गेली तर नवी बेअरिंग खराब व्हायला वेळ लागत नाही.

उघडताना: फोटो, पिशव्या आणि एक चिंधी

प्रत्येक पायरीचा फोटो काढणं आणि प्रत्येक गटाचे नट-बोल्ट वेगळ्या, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवणं ही साधी शिस्त आहे. वॉशर कोणत्या बाजूला तोंड करून होता, हे महिन्याभरानंतर कुणालाही आठवत नाही.

मागचा भाग आणि झाकणं काढल्यावर ले-शाफ्ट बाहेर सरकवतात. मग ले-गिअर पेटीच्या तळाशी बसतो आणि वरचे दोन शाफ्ट काढायला वाट मिळते. बेअरिंग काढायला पुलर किंवा प्रेस वापरतात. हातोड्याने ठोकून काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरण्यासारखं राहत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या पेटीला तडा गेला तर दुखणं वेगळंच.

सिन्क्रोचा हब सोडवतानाची एक गंमत या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आत स्प्रिंगने दाबलेल्या बारीक पोलादी गोळ्या असतात. बाहेरची स्लीव्ह सरकवली की त्या बंदुकीच्या गोळीसारख्या उडतात आणि टेबलाखाली, कपाटामागे गायब होतात. म्हणून हब आधी चिंधीत गुंडाळतात आणि मगच सोडवतात.

काय बदलायचं आणि काय ठेवायचं?

संपूर्ण कामातला सगळ्यात अवघड निर्णय हाच. 'सगळं नवीन टाका' हे उत्तर सोपं वाटतं, पण नेहमी बरोबर नसतं. एमजीबीचे मूळ गिअर चांगल्या पोलादाचे आहेत आणि त्यांच्या जोड्या वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर फिरून जुळलेल्या असतात. जोडीतला एकच गिअर बदलला तर नवा-जुना आवाज करू शकतात. शिवाय आज बाजारात मिळणारा प्रत्येक नवा भाग मूळ भागाइतका अचूक असेलच असं नाही. नवी सिन्क्रो रिंगसुद्धा गिअरवर बसवून, मोजून मगच वापरतात.

साधारण विभागणी अशी करतात.

न विचारता बदलायचे भाग: सगळी ऑइल सील आणि पॅकिंग, मुख्य बेअरिंग, नीडल बेअरिंग, सिन्क्रो रिंग, गोळ्यांमागच्या स्प्रिंग आणि लॉक वॉशर.

तपासून ठरवायचे भाग: ले-शाफ्ट, ले-गिअर, मेन शाफ्ट, गिअर, हब, फोर्क.

ले-शाफ्ट हा यातला नेहमीचा गुन्हेगार. तो स्वतः फिरत नाही, पण त्याच्यावर सुईसारख्या बारीक रोलरच्या नीडल बेअरिंगवर ले-गिअर फिरतो. शाफ्टवरून नख फिरवा. खड्डे किंवा पापुद्रे लागले तर तो बाद. नुसता शाफ्ट बदलूनही भागत नाही. ले-गिअरच्या आतली, जिथे रोलर फिरतात ती बाजूही टॉर्च टाकून पाहावी लागते.

सिन्क्रो रिंगची परीक्षा सोपी आहे. ती गिअरच्या निमुळत्या भागावर हाताने दाबा आणि फिरवून बघा. चांगली रिंग घट्ट पकडते. झिजलेली घसरते, आणि रिंगचे दाते व गिअरचे दाते यांच्यातली फटही कमी झालेली दिसते. ही फट फीलर गेजने मोजतात.

गिअरच्या कुलपाच्या दात्यांना टोकाशी धार दिलेली असते. ती टोकं गोल झाली असतील तर नवी रिंग बसवूनही गिअर नीट पडणार नाही. इथे मात्र गिअर बदलण्याला पर्याय नाही.

थाऊचा हिशेब

आपल्याकडच्या मशीन शॉपमध्ये 'थाऊ' हा शब्द रोज वापरला जातो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अंदाजे ०.०२५ मिलिमीटर. एमजीबी ही इंचांच्या जमान्यातली गाडी, त्यामुळे तिच्या मापांनाही हाच शब्द शोभतो.

ले-गिअरला पुढे-मागे सरकायला फक्त दोन-तीन थाऊंची मोकळीक हवी. म्हणजे जेमतेम एका केसाची जाडी. मोकळीक जास्त झाली तर गिअर आवाज करतो आणि निसटतो. अजिबात नसेल तर गरम झाल्यावर घासून जळतो. ती जुळवण्यासाठी वेगवेगळ्या जाडीचे थ्रस्ट वॉशर मिळतात. एक बसवायचा, मोजायचा, काढायचा, दुसरा बसवायचा. पुढच्या झाकणाखालीही अशाच बारीक चकत्या म्हणजे शिम मोजून घालतात, जेणेकरून इनपुट शाफ्टचं बेअरिंग जागेवर घट्ट राहील.

गिअरबॉक्स बांधण्याच्या कामात वेळ कुठे जातो, असं विचारलं तर उत्तर हेच. पाने फिरवण्यात कमी, मोजण्यात जास्त.

जोडणी: उलट क्रम आणि एक घरगुती हत्यार

जोडणी उघडण्याच्या उलट क्रमाने होते. बेअरिंग बसवताना ॲल्युमिनियमची पेटी आधी गरम करतात. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे शंभरेक अंशांपर्यंत तापवलेल्या पेटीत थंड बेअरिंग फारसा जोर न लावता बसतं. बेअरिंग दाबताना जोर त्याच्या घट्ट बसणाऱ्या कड्यावरच द्यायचा. भलत्या कड्यावर दिला तर आतल्या गोळ्यांचे वण उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमू लागतं.

ले-गिअर बसवण्यासाठी एक साधं हत्यार लागतं. ते अनेक जण घरीच बनवतात. ले-शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि ले-गिअरच्या लांबीएवढा गोल दांडा. याला डमी शाफ्ट म्हणतात. नीडल बेअरिंग ग्रीस लावून ले-गिअरमध्ये बसवायची, आत डमी शाफ्ट घालायचा आणि सगळा जुडगा पेटीच्या तळाशी ठेवायचा. मग मेन शाफ्ट आणि इनपुट शाफ्ट जागेवर बसवायचे. शेवटी ले-गिअर उचलून भोकाच्या रेषेत आणायचा आणि खरा ले-शाफ्ट आत ढकलायचा. तो आत येत जातो, तसा डमी शाफ्ट दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि रोलर जागचे हलत नाहीत. डमीशिवाय प्रयत्न केला तर रोलर हमखास सुटतात आणि पुन्हा श्रीगणेशा!

झाकण लावण्याआधी हाताने शाफ्ट फिरवत प्रत्येक गिअर टाकून पाहतात. एका वेळी दोन गिअर पडत नाहीत ना, हेही तपासतात. दोन गिअर एकदम अडकले तर चाकं जाम होतील. चालत्या गाडीत हे जिवावर बेतू शकतं.

ओव्हरड्राइव्ह: एका चुकीच्या वायरची किंमत

अनेक एमजीबींच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, लेकॉक-डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह. शेफील्डच्या लेकॉक कंपनीने बनवलेलं आणि एडगर डी नॉर्मनव्हिल यांच्या कल्पनेवर आधारलेलं हे यंत्र. बटण दाबलं की ऑइलच्या दाबाने ग्रहमालेसारखी फिरणारी चाकं कामाला लागतात आणि इंजिनाचे फेरे कमी होतात. त्याचं गुणोत्तर ०.८२ च्या आसपास. ताशी ७० मैलांना, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरला, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला अंदाजे ३,९०० फेरे घेतं. ओव्हरड्राइव्हमध्ये अंदाजे ३,२००. लांबच्या प्रवासात हा फरक कानांना चांगलाच जाणवतो.

इथे एक मोठा धोका आहे. ओव्हरड्राइव्ह चालू असताना गाडी रिव्हर्समध्ये घेतली तर ते तुटतं. आतला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच आणि ओव्हरड्राइव्हचा ब्रेक एकमेकांविरुद्ध अडकतात. म्हणून गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. वरच्या गिअरमध्ये असतानाच तो ओव्हरड्राइव्हला वीज पोहोचू देतो. जुन्या गाडीची वायरिंग बदलताना कुणी 'कशाला हवा हा स्विच' म्हणून थेट जोडणी केली, तर गाडी गॅरेजमधून मागे काढताना संपूर्ण मेहनत पाण्यात जाऊ शकते. गिअरबॉक्स बसवल्यावर हा स्विच आणि त्याची वायर तपासणं म्हणूनच अनिवार्य आहे.

दुसरी गोष्ट, ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीला ते नुसतं मागे जोडता येत नाही. त्यासाठी मेन शाफ्टच वेगळा लागतो. जुनी गाडी घेताना हे माहीत असावं.

ऑइल कोणतं घालायचं?

गिअरबॉक्स म्हटलं की गिअर ऑइल, असं कुणालाही वाटेल. पण एमजीबीच्या या गिअरबॉक्ससाठी कारखान्याने बराच काळ इंजिनात घालतात तेच २०डब्ल्यू-५० ऑइल सांगितलं होतं. ओव्हरड्राइव्हही याच ऑइलवर चालतं. प्रकारानुसार अंदाजे अडीच ते साडेतीन लिटर लागतं.

आजच्या जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलपासून जुन्या गिअरबॉक्सना दूर ठेवतात. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पोलादी दात्यांना वाचवतात, पण पितळी रिंगना त्रासदायक ठरू शकतात. शिवाय रिंगला पकड हवी असते. फार निसरडं ऑइल घातलं तर नवी रिंगही घसरते. 'महाग म्हणजे चांगलं' हा नियम इथे लागू नाही. त्या वर्षाच्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते घालावं.

मग पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सच का बसवू नये?

असं करणारे पुष्कळ आहेत. फोर्ड किंवा माझदाच्या गाड्यांचे पाच गिअरचे गिअरबॉक्स एमजीबीत बसवण्याचे किट मिळतात. गिअर हलके पडतात, पाचव्यात इंजिन शांत राहतं. रोज गाडी वापरणाऱ्यासाठी हा पर्याय वाईट नाही.

पण रिस्टोरेशनचा हेतू गाडी जशी होती तशी परत आणणं हा असेल, तर मूळ गिअरबॉक्सच वाचवावा लागतो. मूळ क्रमांकाचे भाग असलेल्या गाडीला जाणकार जास्त मान देतात. बदल करायचाच असेल तर एक पथ्य पाळावं: पत्रा कापू नये आणि मूळ गिअरबॉक्स भंगारात देऊ नये. तो ऑइल लावून, गुंडाळून ठेवला तर पुढचा मालक गाडी पुन्हा मूळ रूपात आणू शकतो.

भारतात तर मूळ रूपाला कायद्याचीही चौकट आहे. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं असतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेल्या गाडीला हा दर्जा मिळत नाही. त्यामुळे नवं काही बसवण्यासाठी बोगद्याचा पत्रा कापण्याआधी दहादा विचार केलेला बरा.

शेवटची परीक्षा

गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना क्लच प्लेट मधोमध बसवण्यासाठी खास दांडा वापरतात. जोडणी होईपर्यंत गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर नवी क्लच प्लेट वाकते. गाडी जमिनीवर येण्याआधी ऑइलची पातळी पाहायची. अनेक एमजीबींमध्ये यासाठीची डिपस्टिक कार्पेटखालच्या रबरी बुचाआड लपलेली असते, आणि म्हणूनच ती अनेकदा तपासायची राहून जाते.

मग पहिली फेरी. शांतपणे, जोर न देता. प्रत्येक गिअर वर-खाली टाकून पाहायचा. नव्या रिंगना बसायला थोडे किलोमीटर लागतात, त्यामुळे सुरुवातीला दांडा किंचित जड वाटला तर घाबरायचं कारण नाही. परत आल्यावर खाली पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी ऑइलचे डाग पाहायचे. काही दिवसांनी ते ऑइल काढून नवं भरणं चांगलं, कारण सुरुवातीची बारीक झीज त्याच्याबरोबर निघून जाते.

एवढं सगळं करून हाती काय येतं? बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोत हा फरक दिसत नाही. पण साठ वर्षांपूर्वी अ‍ॅबिंग्डनमध्ये बसवलेलेच गिअर, नव्या बेअरिंगवर आणि नव्या पितळी रिंगच्या साथीने पुन्हा फिरू लागतात. दुसरा गिअर आवाज न करता पडतो. जुन्या गाडीच्या मालकाला विचाराल तर या शांततेची किंमत तो रंगापेक्षा जास्त सांगेल.